पाटी ए-प्लसची, पदं रिकामी

बोरीच्या चौकात परवा एका सद्‌गृहस्थांनी पालकांना फुकटचा सल्ला वाटला. कॉलेज निवडताना आधी नॅकची श्रेणी बघा. 'ए'च्या खालचं कॉलेज म्हणजे दुकान. आणि नॅकच झालेलं नसेल तर तिथली पदवी रद्दीच्या भावाची. जिंतूर-परभणीच्या एसटीत लटकत कॉलेज करणाऱ्या पोरांचे बाप हे ऐकून गार झाले. गृहस्थांचं पोरगं पुण्यात शिकतं, हे वेगळं सांगायला नको.

पदवीचं आधी उरकतो. पदवी देतं विद्यापीठ, आणि तो अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यातल्या कलम 22 मध्ये आहे. कॉलेज काढायला परवानगी शासनाची, संलग्नता विद्यापीठाची; आपल्या भागात ते नांदेडचं. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद, ही तिसरीच गोष्ट. दोन तुकड्या बाहेर पडल्या किंवा सहा वर्षं झाली की होणारी पारख, मुदत साधारण पाच वर्षं. ती मुदत टळली तर कॉलेजची निधीसाठी अडचण होते, पोराची बी.ए. बाद होत नाही. आयोगानं 2012 च्या विनियमांनी ही पारख सक्तीची केली, तरी ती टाळत बसणाऱ्या संस्थाचालकांची वकिली मला करायची नाही. पण त्यांच्या आळसाची शिक्षा पोराच्या प्रमाणपत्राला कशाला?

नॅक 1994 चं, नांदेडचं विद्यापीठही 1994 चंच. औरंगाबादेतून नांदेड वेगळं झालं तेव्हाही याच जातीचे लोक 'आता डिग्रीला कोण विचारतो' म्हणत होते. त्या डिग्रीवर पुढे तलाठी झाले, मास्तर झाले, फौजदार झाले. म्हणणारे म्हणतच राहिले.

आता मुख्य मुद्दा. संलग्न कॉलेजाच्या 1000 गुणांपैकी 350 अध्यापन-अध्ययनाला आहेत, म्हणजे नॅकला वर्ग महत्त्वाचा वाटतो, हे कबूल. पण त्यातला एक रकाना बघा: मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती? अनुदानित कॉलेजात पद मंजूर करणार शासन, भरायला ना हरकत देणार शासन, पगार देणार शासन. फाईल मंत्रालयात अडकली की प्राचार्य तासिका तत्त्वावर माणसं आणून गाडा ओढतात. मग नॅक येतं आणि गुण कापतं कुणाचे? कॉलेजचे! शासनाच्या दारावर 'सी' श्रेणीची पाटी लागलेली मी अजून पाहिली नाही.

बरं, पूर्णवेळ म्हणून जे चार जण उरले, त्यांच्यातच नॅकचे सात निकष वाटले जातात. स्टाफरूममध्ये 'आज कोणता धडा?' कुणी विचारत नाही. 'क्रायटेरिया थ्री कुणाकडे?' हा प्रश्न. तास बुडवून तास नीट होतात याचे पुरावे जमवायचे. फोटोवर अक्षांश-रेखांश हवेत. एका कॉलेजात (नाव घेत नाही) पाहुण्यांच्या व्याख्यानाचे फोटो काढले, तर खाली कॉलेजऐवजी शेजारच्या पेट्रोल पंपाचं नाव उमटलं. झालं! पाहुण्यांना गाडीतून परत उतरवलं, पुन्हा हार, पुन्हा शाल, पुन्हा टाळ्या. व्याख्यान मात्र पुन्हा झालं नाही, त्याची गरजही नव्हती. पहिल्या रांगेतली पोरं हसू दाबत बसली होती; त्या दिवशी ती जे शिकली ते कोणत्या निकषात बसतं, हे गृहस्थांनी सांगावं.

बाकीचं थोडक्यात. 3.25 ला 'ए', 3.26 ला 'ए-प्लस'. या एक शतांशावर पोराचं भवितव्य ठरवणाऱ्याला दंडवत. 2025 च्या फेब्रुवारीत श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून पाहणी समितीतल्या माणसांना सीबीआयनं अटक केली, म्हणजे काही पाट्यांना बाजारभावही असावा. आणि श्रेण्या काढून 'प्रत्यायन आहे' किंवा 'नाही' एवढंच ठेवायचं खुद्द नॅकनं 2024 साली जाहीर केलं. ज्यांनी शिडी उभारली तेच ती उतरवायला निघाले, गृहस्थ मात्र अजून वरच्या पायरीवरून ओरडतायत.

मग पालकांनी बघायचं काय? पारख हवीच, आणि नॅकचा अहवाल वाचायला मिळाला तर जरूर वाचावा. पाटीपेक्षा त्यात जास्त असतं. पण प्रवेशाआधी ऑफिसात तीन आकडे मागा: आपल्या विषयाची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, पहिल्या वर्षाला आलेल्या शंभरातली तिसऱ्या वर्षाला किती पोचली आणि त्यात मुली किती, आणि शेवटचा तास किती वाजता सुटतो. तिसरा आकडा क्लार्कला चिल्लर वाटेल. बोरीची एसटी त्याआधीच निघून जात असेल, तर ए-प्लस प्रयोगशाळेतलं प्रॅक्टिकल आपल्या पोरीच्या वाट्याला येणार नाही.