पाच पट्टे आणि आजीची मांडी

मागच्या आठवड्यात आम्ही सगळे पुण्याहून कोल्हापूरला मुंजीला जाऊन आलो. मुंज छान झाली, जेवण तर उत्तमच. पण परत आल्यापासून फोनवर मुंजीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची चर्चा जास्त आहे. आमच्या सुनेने चार महिन्यांच्या लेकीला म्हणे सगळा रस्ताभर "बांधून" आणलं! निघताना वन्सं म्हणाल्या होत्या, "आण इकडे, माझ्या मांडीवर मस्त झोपेल." सून नाही म्हणाली आणि बाळाला कारसीटमध्ये ठेवून तिने पट्टे लावले. बाळ कात्रजच्या बोगद्यापर्यंत रडलं, मग खेड-शिवापूर यायच्या आत झोपलं. तेवढ्या रडण्यावरून सुनेचं माप काढून झालं. आईचं काळीज नाही, अमेरिकेची फॅडं, पोराला सीटेत कोंबायचं आणि स्वतः मोबाइल बघायचा, वगैरे वगैरे.

मी त्या दिवशी गप्प बसले, ही माझी चूक. तोंडावर बोलायचं ते आता इथे लिहिते. हा ब्लॉग घरातलं कोण कोण वाचतं ते मला ठाऊक आहे, तेव्हा निरोप पोचेलच.

पहिला मुद्दा नेहमीचा. "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? आमची पोरं मांडीवरच वाढली, काही झालं नाही." खरं आहे, माझीही वाढली. एस.टी.त, शेजाऱ्यांच्या फियाटमध्ये. पण मंडळी, ज्यांचं काही झालं नाही तेच मुंजीला येऊन हे सांगतात. ज्यांचं झालं, ते असल्या गप्पांत बसत नाहीत.

आता माझीच एक गोष्ट सांगते. माझ्या लेकीला ही आजवर धड सांगितलेली नाही, तिला ती इथेच कळणार आहे. तिचा मुलगा अकरा महिन्यांचा असताना आम्ही एका नातेवाइकाच्या गाडीतून साताऱ्याला चाललो होतो. तो माझ्या मांडीवर होता, दोन्ही हातांनी धरलेला. शिरवळच्या आसपास कुत्रं आडवं आलं म्हणून ब्रेक लागला. वेग फार नव्हता, टक्कर झाली नाही, गाडीला ओरखडासुद्धा नाही. पण पोर माझ्या हातांतून साबणाच्या वडीसारखं सुटलं आणि पुढच्या सीटच्या पाठीवर तोंडावर आपटलं. वरचा ओठ त्याच्याच नव्या दातांनी फाटला. माझ्या साडीवर रक्त. घरी आल्यावर मी सांगितलं, "खेळताना पडला." गाडीतले बाकीचेही तसंच म्हणाले. आज तो कॉलेजात जातो, ओठावरची बारीक रेघ निरखून बघितली तरच दिसते. मला ती न बघताही दिसते.

म्हणून मांडीचं कौतुक मला सांगू नका. माझे हात काही सैल नव्हते.

मी मराठी माध्यमातली बी.ए., पदार्थविज्ञान शिकवणारी नव्हे. पण त्रैराशिक येतं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरा. तेवढ्या वेळात ६ किलोच्या बाळाला आवरायला साधारण ८५ किलोंचं ओझं पेलण्याइतकं बळ लागतं. म्हणजे तांदळाचं दीड पोतं, तेही अचानक. वन्सं, तुम्हाला गुडघ्यांमुळे पाण्याची कळशी उचलवत नाही. शिवाय तुम्ही स्वतः पट्टा लावलेला नसतो. मग तुम्ही पुढे जाणार, आणि तुमच्या व पुढच्या सीटच्या मध्ये कोण असणार?

मागच्या सीटवर काही होत नाही, हाही एक गोड गैरसमज. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, ते दोघेही गेले. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले.

आणि "अमेरिकेची फॅडं" म्हणणाऱ्यांसाठी एक मजा सांगते. अमेरिकेतल्या आज्याही आपल्यासारख्याच होत्या. लहान मुलांना गाडीत सुरक्षित सीट सक्तीची करणारा तिथला पहिला कायदा टेनेसी राज्यात १९७८ पासून लागू झाला. डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञाने तो नेटाने लावून धरला होता. पण कायदा करताना त्यात एक पळवाट घुसवली गेली. बाळ मोठ्या माणसाच्या कुशीत असेल तर सीट नको! ती पळवाट काढून टाकायला १९८१ उजाडलं. तेव्हा हा वाद आमच्या सुनेने काढलेला नाही.

आता पट्ट्यांकडे वळते, कारण तिथेही रुसवाफुगवी झाली आहे. एका पुतण्याने प्रेमाने त्यांच्याकडची जुनी टोपलीसारखी सीट देऊ केली होती. सुनेने ती घेतली नाही आणि नवी विकत आणली. "पैसे वर आलेत" असं ऐकावं लागलं. मी दोन्ही सीटा शेजारी ठेवून बघितल्या आहेत. जुन्या सीटचे पट्टे थ्री-पॉइंट, म्हणजे दोन खांद्यांवरून येतात आणि मांड्यांमधल्या बकलात अडकतात. कमरेला काहीच नाही. नवीचे फाइव्ह-पॉइंट. दोन खांद्यांवरून, दोन कमरेच्या दोन्ही बाजूंनी, पाचवा मांड्यांमधून. ते दोन जास्तीचे पट्टे दिखाऊ नाहीत. हिसका खांदे आणि कमरेची हाडं यांच्यावर वाटला जातो, पोटाच्या मऊ भागावर कमी येतो. गाडी बाजूने धडकली किंवा उलटली तर बाळ कडेने निसटत नाही. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ पाव असतं, मान कोवळी. म्हणून सीटचं तोंड मागच्या काचेकडे हवं, म्हणजे पुढून धक्का बसला की सगळी पाठ आणि डोकं सीटच्या कवचावर टेकतं. युरोपच्या नव्या नियमात निदान पंधरा महिने असंच बसवायचं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसेल तितके दिवस उलटंच ठेवा. (आणि अशी उलटी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही नको. कधीही.)

कुणाच्या घरी परीक्षेत पास झालेली थ्री-पॉइंट सीट असेल तर ती टाकून बाळाला मांडीवर घ्या असं मी म्हणत नाही. मांडीपेक्षा ती शंभर पटींनी बरी. पण विकत घ्यायचीच आहे तर पाचच पट्टे घ्या. पुतण्याच्या सीटचं म्हणाल तर ती किती जुनी, कुठल्या अपघातातून गेली का, हे त्यालाही माहीत नव्हतं. आंब्याची पेटी आपण उघडून बघून घेतो. आणि कवचच नसलेली, नुसती कापडी पट्ट्यांची "सीट" स्वस्तात मिळते, तिच्या वाटेला जाऊ नका.

पाच पट्टे असूनही ते ढिले असले तर उपयोग शून्य. आणि इथे आपल्या आज्यांची खरी अडचण होते. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून, वर शाल घालून सीटमध्ये ठेवलं तर मधला पट्टा जाणार कुठून? आधी पट्टे, मग वरून दुपटं. करगोट्याचे मणी बकलाखाली येत नाहीत ना ते बघावं. उलट्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित खालून निघावेत. मग खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करावा. घडी चिमटीत आली तर तो ढिला आहे. उन्हात गाडी उभी असेल तर बकलाला आधी आपला हात लावून बघावा. आणि दोनेक तासांनी थांबून बाळाला बाहेर काढावं. तेव्हा घ्या मांडीवर हवं तेवढं.

ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांना मी हे ऐकवत नाही, एस.टी.त मांडीशिवाय काय आहे? पण आमच्या कुटुंबात गाड्या आहेत, त्यांना सनरूफ आहेत, मुंजीत दिलेल्या पैठण्याही मी मोजल्या आहेत. सीट तेवढी महाग वाटते. २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे, तोही कुणाला आठवत नाही.

वन्सं, मे महिन्यात आपण पुन्हा कोल्हापूरला जाणार आहोत. तुम्ही बाळाच्या शेजारी बसा आणि तिच्या मुठीत तुमचं बोट द्या. पट्ट्याची चिमटी मी घेईन, तुमच्या पट्ट्याचीसुद्धा.