‘कच्चा’ या विशेषणाविरुद्ध

मराठीत रस्त्यांचे दोनच प्रकार उरले आहेत : पक्का आणि कच्चा. डांबर किंवा काँक्रीट असेल तो पक्का, नसेल तो कच्चा. ही विभागणी सरकारी निविदेत शोभून दिसते. ती साहित्याने, समीक्षेने आणि वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मराठीनेही निमूटपणे स्वीकारावी, याला माझा आक्षेप आहे. ‘कच्चा’ हा शब्द वर्णन करीत नाही, निकाल देतो. कच्चा आंबा पिकायचा असतो, कच्चा मसुदा पक्का व्हायचा असतो, कच्चा विद्यार्थी सुधारायचा असतो. तसा कच्चा रस्ता म्हणजे डांबराची वाट पाहत पडलेला रस्ता. त्याला स्वतःचे रूप, स्वतःचा इतिहास आणि स्वतःचे काम असू शकते, ही शक्यताच हा शब्द बंद करून टाकतो.

हा विषय आज काढण्याचे निमित्त सायकलचे आहे. खडी-मुरमाच्या रस्त्यांवर लांब पल्ल्याने चालवायची ‘ग्रॅव्हल’ सायकल गेल्या दशकात जगभर रूढ झाली. चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंदीचे टायर, त्यांत हवा बेताची, हँडल मात्र शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले. २०२२ साली इटलीतील व्हेनेतो प्रांतात या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. आपल्याकडे मावळ, मुळशी, भोर या डोंगराळ भागांतील नदीखोऱ्यांतून असे सायकलस्वार हिंडू लागले आहेत आणि मार्गवर्णने लिहू लागले आहेत. साहित्याच्या प्राध्यापकांनी या लेखनाकडे पाहून नाक मुरडावे, असे मला मुळीच वाटत नाही. चढ कोठे अंगावर येतो, खडी कोठे सुटी आहे, ओढ्याला पाणी केव्हा असते, याची नोंद करणारे गद्य प्रामाणिक असते. बिघाड होतो तो त्यापुढे. आकडे संपले आणि निसर्ग सुरू झाला की तेच लेखक ‘अस्पर्श दरी’, ‘निर्मनुष्य जंगल’, ‘जगापासून दूर’ अशा शब्दांना शरण जातात. एकाला रस्ता अपुरा दिसतो, दुसऱ्याला रानटी. दोघांनाही तो कोणीतरी केलेला दिसत नाही.

आपल्या भाषेचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. पाणंद ही दोन शेतांच्या बांधांमधून जाणारी वाट, शिवरस्ता गावाच्या शिवेवरून जाणारा, ढोरवाट गुरांच्या खुरांनी पडलेली, पाखाडी कोकणातली दगडी पायऱ्यांची, गाडीवाट बैलगाडीच्या चाकांची. प्रत्येक शब्दात कोण जाते, कशासाठी जाते आणि जमीन कशी आहे, हे सामावलेले आहे. एवढी श्रीमंती बाजूला ठेवून आपण ‘कच्चा रस्ता’ म्हणतो आणि प्रमाण मराठी लिहिल्याचे समाधान मानतो.

साहित्याने यात काय केले? साहित्याने वाटेचे रूपक केले. ‘चाकोरी’ हा शब्द घ्या. चाकोरीबद्ध जीवन, चाकोरीबाहेरचा लेखक, चाकोरी मोडणारी कविता यांशिवाय आपली समीक्षा चार पाने चालत नाही. पण चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली चर. सुट्या खडीच्या उतारावर सायकल घातली, की चाकोरीची थोरवी कळते. चाकांच्या वजनाने तेथील मुरूम दबून घट्ट झालेला असतो आणि सुटे दगड मधल्या गवताळ पट्ट्यावर व कडेला फेकले गेलेले असतात. चाकोरीबाहेर पडणारा तेथे बंडखोर ठरत नाही, तो आपटतो. पावसाळ्यात मात्र हीच चर पाण्याचा पाट होते आणि ती सोडण्यात शहाणपण असते. म्हणजे चाकोरी केव्हा धरावी आणि केव्हा सोडावी, हा जमिनीकडे पाहून घेण्याचा निर्णय आहे. आपल्या रूपकाने हा विवेक गमावला आणि शिवी तेवढी ठेवली. वस्तू विसरून वापरलेले रूपक असेच पोकळ होत जाते.

आता ‘पक्का’ या शब्दाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॅकॲडम या स्कॉटिश अभियंत्याने रस्तेबांधणीची जी पद्धत रूढ केली, तिचे मर्म हेच होते की, लहान आणि कोनदार फोडलेली खडी वाहतुकीच्या भाराने एकमेकींत अडकून घट्ट होते. मात्र रस्ता मध्ये किंचित उंच हवा आणि पाणी कडेला निघून गेले पाहिजे. डांबर त्यावर पुष्कळ नंतर आले. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा त्यावर डांबर नव्हते, तरी तो त्या काळाचा पक्काच रस्ता होता. कालचा पक्का आज कच्चा ठरला, यात दगडाने काही गुन्हा केलेला नाही. बदलली ती आपली मोजपट्टी, आणि ती मोजपट्टी आपण निसर्गनियम समजून बसलो.

इटलीतील तोस्काना प्रांताचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. सिएनाच्या भोवती, क्यान्तीच्या ओक आणि चेस्टनटच्या रानांतून, ओर्चा नदीच्या खोऱ्यातून खडीचे पांढुरके रस्ते जातात. त्यांना तेथे ‘स्त्रादे ब्यांके’, म्हणजे पांढरे रस्ते, म्हणतात. नाव रंगावरून पडले, उणिवेवरून नव्हे. हे रस्ते एकामागून एक डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा १९९७ साली ज्यानकार्लो ब्रोच्ची यांनी गायोले या गावातून जुन्या सायकलींची ‘लेरोईका’ ही फेरी सुरू केली. हे रस्ते राखणे हा तिच्या हेतूंपैकी एक होता. त्यातूनच २००७ पासून व्यावसायिकांची शर्यतही उभी राहिली आणि रस्त्यांचे ते साधे नाव तिने जगभर नेले. ज्याला नाव असते, त्याच्यासाठी भांडता येते.

तरीही तोस्कानाचे भाबडे गुणगान मला करायचे नाही. ते रस्ते प्रवाशांसाठी झालेले नव्हते. मालकाच्या जमिनी अर्धेलीने कसणाऱ्या कुटुंबांची घरे, द्राक्षमळे आणि बाजारगावे त्यांनी जोडली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबे कारखान्यांच्या गावांकडे निघाली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. सायकलस्वाराला भावणाऱ्या तेथील शांततेत उठून गेलेल्या संसारांचा वाटा आहे.

आपल्या खोऱ्यांत हा हिशेब अधिक कठोर आहे, कारण येथे माणसे गेली नाहीत, घालवली गेली. मुळशीच्या जलाशयाकाठच्या वाटेला ‘अस्पर्श’ म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावे की, त्या पाण्याखाली गावे आणि भाताची खाचरे आहेत, आणि ती वाचवण्यासाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. कोयनेच्या शिवसागरामुळे उठलेली कुटुंबे सोलापूर-रायगडपर्यंत पांगली. त्या खोऱ्यातील ‘निर्मनुष्य’ रान काही ठिकाणी जुन्या शेतांवर उगवलेले आहे. तेव्हा ‘निर्मनुष्य’ हे विशेषण निसर्गवर्णनाचे नाही, इतिहास पुसण्याचे आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. खेड्यातल्या बाळंतिणीला दवाखाना गाठायचा असतो, दुधाचा कॅन डेअरीवर वेळेत पोचवायचा असतो. शहरातून चार लाखांची सायकल घेऊन आलेल्याच्या हौसेसाठी गावाने चिखल तुडवत राहायचे काय? मुळीच नाही. गावाला बारमाही रस्ता मिळालाच पाहिजे. २००० साली सुरू झालेल्या ग्रामसडक योजनेमागची मागणी न्याय्य होती, आजही आहे. पण शेतकरी पाणंदीसाठी जे मागतो, ते नीट ऐकावे. अतिक्रमण काढा, भर घाला, पाण्याला वाट द्या, हे तो आधी मागतो. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारला २०२१ साली मातोश्रींच्या नावाने स्वतंत्र योजना आणावी लागली, ती याच मागणीपोटी. मध्ये उंच, कडेला चर असलेला मुरमाचा रस्ता गाव घमेले-फावड्याने स्वतः दुरुस्त करू शकते. उखडलेल्या काँक्रीटसाठी त्याला ठेकेदाराची वाट पाहावी लागते. आणि डोंगराच्या सोंडेवर, जेथे गावच नाही, तेथे एकाएकी काँक्रीट पडते, तेव्हा ते बाळंतिणीसाठी नसते. तेथे पुढे भूखंडांच्या पाट्या लागतात. ‘कच्चा रस्ता पक्का केला’ या एका वाक्यात ही दोन्ही कामे सारखीच पुण्याची ठरतात. भाषेचा गैरवापर म्हणतात तो हाच.

मग साहित्य शिकवणाऱ्यांनी काय करावे? प्रवासवर्णनाच्या तासाला निदान एवढे विचारावे : ही वाट कशाची आहे, कोणी केली, कोण वापरते, पाणी कोठून वाहते, गावात तिला काय म्हणतात? गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ आपण अजून वाचतो, ते वाट चालणाऱ्या माणसाने लिहिलेले आहे म्हणून. आज मुरमाच्या वाटेने महाविद्यालयात येणारा विद्यार्थी निबंधात मात्र ‘नागमोडी वळणाचा रस्ता’ लिहितो आणि आपण त्याला गुण देतो. त्याच्या वाटेचे नाव त्याला ठाऊक असते. ते उत्तरपत्रिकेत येऊ नये, अशी शिकवण त्याला आपणच दिलेली आहे. ती आधी मागे घेतली पाहिजे.