गाडीतलं पिस्तूल

गेल्या शुक्रवारची गोष्ट. महापेहून कल्याणला घरी येत होतो. काटई नाक्यावर नेहमीसारखं जाम. माझ्यापुढे एक पांढरी एसयूव्ही, तिला एका रिक्षाने जरासं घासलं. रिक्षावाला उतरून हुज्जत घालायला लागला. एसयूव्हीवाल्याने काच खाली केली आणि काही न बोलता डॅशबोर्डवर पिस्तूल ठेवलं. बस्स. रिक्षावाला "सॉरी दादा" म्हणून मागे फिरला.

खरं होतं की लायटर, देव जाणे. विचारणार कोण?

सोसायटीतल्या मित्राला सांगितलं तर म्हणतो, "अरे, लायसन्स असेल ना त्याच्याकडे. मग काय प्रॉब्लेम?"

प्रॉब्लेम हाच आहे राव! लायसन्स म्हणजे मिरवायची परवानगी, असं आपणच धरून चाललोय. म्हणून शनिवारची झोप मोडून २०१६ चे शस्त्र नियम वाचले (आमच्या प्रॉडक्टच्या डॉक्युमेंटेशनपेक्षा बरे आहेत). सार्वजनिक ठिकाणी हत्यार न्यायचं तर ते पूर्ण झाकलेलं हवं, नेणाऱ्याचा त्यावर नीट ताबा हवा, आणि ते परजायला साफ मनाई. आता काटई नाका सार्वजनिक नाही तर काय खासगी आहे?

तुम्ही म्हणाल, बिल्डरला धमक्या येतात, सराफाकडे रोकड असते, त्यांनी काय करायचं? जवळ बाळगावं की! कोटाखाली झाकलेलं पिस्तूलही तेवढंच वाचवतं. डॅशबोर्डवरचं फक्त रिक्षावाल्याला घाबरवतं.

आणि ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवून गाडीची चावी ड्रायव्हरला, हॉटेलच्या पोऱ्याला देणारे? तिथे ताबा कोणाचा? लायसन्स माणसाला असतं, गाडीला नाही. समोरच्याला हत्यार बाळगायचा हक्क आहे का याची खात्री न करता ते त्याच्या ताब्यात देणं हा शस्त्र कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. हे नुसतं पुस्तकी वाटत असेल तर दहिसर आठवा. ८ फेब्रुवारी २०२४ ला फेसबुक लाइव्ह चालू असताना अभिषेक घोसाळकरांना मॉरिस नोरोन्हाने गोळ्या घातल्या. पिस्तूल त्याचं नव्हतंच, बॉडीगार्डचं होतं. लायसन्स उत्तर प्रदेशातलं. म्हणजे कागद होता, हातच दुसरा होता.

त्याच्या सहाच दिवस आधी आमच्याकडे, उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, महेश गायकवाडांवर गोळीबार झाला. त्यात तेव्हाचे कल्याण पूर्वचे आमदार गणपत गायकवाडांना अटक झाली. ठाण्यातच, सीनियरच्या केबिनमध्ये! पुढे नोव्हेंबरात विधानसभेचं तिकीट घरातच राहिलं, त्यांच्या पत्नी सुलभाताई निवडून आल्या. असो. मतं आपणच दिली.

पोलिसांच्या हातात काही नाही असंही नाही. कलम १९ खाली हत्यार घेऊन फिरणाऱ्याकडे ते लायसन्स मागू शकतात, कलम २३ खाली गाडी थांबवून तपासू शकतात. पण नाकाबंदीत तोंड कोणाचं हुंगतात? माझ्यासारख्या वॅगनआरवाल्याचं. काळ्या काचांची, पक्षाचा झेंडा लावलेली गाडी आली की बॅरिकेड आपोआप बाजूला!

येत्या ३१ डिसेंबरला शिळफाट्यावर मला अडवलंत ना साहेब, तर जरूर फुंकर मारीन मशीनमध्ये. फक्त माझ्या मागच्या एसयूव्हीचा ग्लव्ह बॉक्सही उघडायला सांगा.