मागच्या सीटवरची बाई

मैत्रिणींनो, आमच्या शेजारच्या सूनबाई परवा बारशाला निघाल्या, त्या बारशाला पोचल्याच नाहीत. काठपदराची साडी, एका हातात बाळंतविड्याची पिशवी, मांडीवर तीन वर्षांचा लेक आणि नवऱ्याच्या मोटारसायकलवर एका अंगाने बसलेल्या. कोपऱ्यावर वळताना पदर मागच्या चाकात गेला. गाडी हळू होती म्हणून हात मोडण्यावर निभावलं. लेकाला नुसतं खरचटलं. मी भेटायला गेले तर सासूबाई म्हणतात, ‘‘अहो, इथल्या इथे तर जायचं होतं!’’

हे ‘इथल्या इथे’ फार वाईट बघा. आपल्या गावांची शहरं झाली, पण मनातली अंतरं अजून गावातलीच राहिली. जिथे दिवसाला चार एस.टी. जायच्या, तिथे आता डंपर आणि टेम्पो धावतात. देवळात जायचं तरी हाच रस्ता ओलांडायचा!

त्या गाडीला साडीगार्ड नव्हतं. होतं, पण चिरंजीवांनी काढून ठेवलं होतं. गाडीचं रूप जातं म्हणे! मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक तरी झाकलेलं हवं, असा केंद्राचा नियम 1989 पासून आहे. आज संध्याकाळी घरची गाडी जरा वाकून बघा.

दुसरी गोष्ट हेल्मेटची. 2022 साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. त्यांतल्या 50 हजार 29 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, आणि या बिनहेल्मेटवाल्यांत 14 हजार 337 मागे बसलेले होते. मागे कोण बसतं, ते मी सांगायला नको. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, मग तो पुढे असो की मागे. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट हवंच, शिवाय चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि गाडी ताशी 40 किलोमीटरच्या वर न्यायची नाही. हा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. मांडीवरचं मूल म्हणजे आपल्या एका हाताच्या भरवशावर असतं, आणि त्याच हातात पिशवीही असते.

माझंच सांगते. आमच्या घरी खुंटीवर दोन हेल्मेटं, एक ‘ह्यांचं’, एक मुलाचं. मला कधी सुचलंच नाही. मी म्हणायची, ‘‘मला कशाला? मी कुठे चालवते?’’ जणू काही पडताना रस्ता विचारणार आहे, चालवत कोण होतं म्हणून! बऱ्यापैकी साडीच्या पैशांत हेल्मेट येतं. आय.एस.आय.ची खूण बघून घ्या, डोक्याला घट्ट बसेल असं घ्या, आणि हनुवटीखालचा पट्टा लावाच; न लावलेलं हेल्मेट आपल्याआधी रस्त्यावर पडतं. अंबाडा आड येतो, तर वेणी घाला. गजरा पर्समध्ये ठेवा, पोचल्यावर माळा.

पदर मागून पुढे घेऊन कमरेला पक्का खोचायचा. ओढणीला मागे गाठ मारून टोकं आत घ्यायची. शक्य असेल तेव्हा सलवार-कमीज घालून दोन्हीकडे पाय टाकून बसावं, तोल राहतो. आणि पिशवी हातात नको, हुकाला अडकवा नाहीतर डिकीत घाला.

शेजारच्यांचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघतंय. साडीगार्ड पुन्हा बसलंय. हेल्मेट मात्र अजून एकच आहे. सासूबाईंशी माझं बोलणं चालू आहे.