कायदा झाला, सातबाऱ्याचं काय?

‘आता बायकांना काय कमी आहे?’ हळदीकुंकवात, बचतगटाच्या बैठकीत, एसटीत, कुठेही हा प्रश्न ऐकू येतो. खरं सांगायचं तर तो अगदीच खोटा नाही. माहेरच्या जमिनीचंच बघा ना. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. पण तोवर लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्यातल्या दुरुस्तीनं विवाहित मुलींनाही हा हक्क मिळाला. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानंच मिळतो. वडील २००५ च्या आधी वारले असले तरीही.

हे सगळं कौतुकाचंच. पण कौतुक करत बसलो तर लढा थंडावेल, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांना वाटते. ती उगाच नाही. कारण ‘काय कमी आहे?’ म्हणणाऱ्या घरातच वडिलांचं तेरावं उरकलं की हक्कसोडपत्र तयार असतं. ‘ताई, तुझ्या लग्नात खर्च झालाच की!’ सही नाही केली तर माहेर तुटेल, या धास्तीनं ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन अंगठा, सही देऊन येते. जमिनीच्या बदल्यात भाऊबीजेची साडी! २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार खातेदारांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. निंदणी-खुरपणीला शेतात किती बायका असतात, ते मी सांगायला नको.

मग प्रगतीबद्दल बोलायचंच नाही का? मैत्रिणींनो, तसंही नाही. ‘काहीच बदललं नाही’ असं रोज ऐकणारी मुलगी म्हणेल, मग भांडून उपयोग काय? उलट जिला कायदा ठाऊक आहे, ती निदान ‘कागद वाचते, मग बघू’ एवढं तरी म्हणते. मात्र मिळालं ते अर्धं असेल तर अर्धंच म्हणायला हवं. १९९४ लाच ‘सगळं मिळालं’ म्हणून सारे थांबले असते, तर तेव्हाच्या लग्न झालेल्या लेकी कायमच्या बाहेर राहिल्या असत्या.

म्हणून पुन्हा कुणी ‘आता काय कमी आहे?’ असं विचारलं, तर चिडू नका. शांतपणे म्हणा, ‘कायदा चांगलाच झालाय, दादा. आपल्या सातबाऱ्यावर माझं नाव कुठं आहे, तेवढं दाखव.’