मेण कोणी लावलं?

जानेवारीत मेसच्या बोर्डावर, रविवारच्या फीस्टच्या यादीशेजारी एक कागद लागला. 'कवितेचं आव्हान! विषय : इकॅरस. ओळी जास्तीत जास्त २०. मुदत १० दिवस. होस्टेलवाले, डे-स्कॉलर, सर, मॅडम, मामा, कोणीही लिहा. नाव टाकायचं नाही. आवडलेल्या कवितेखाली पेन्सिलीने टिक करा.' खाली ग्रीक पुराणातली ती गोष्ट आठ ओळींत दिली होती. क्रीट बेटावर अडकलेल्या बापाने पिसं आणि मेण यांचे पंख केले, एक जोडी स्वतःला, एक पोराला. पोरगा सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळलं, पोरगा समुद्रात. संपलं.

पहिले तीन दिवस त्या कागदावर फक्त आमटीचे डाग पडले. चौथ्या दिवशी सी विंगमधल्या कोणीतरी पहिली कविता टाचणीने लावली आणि मग पूर आला. तीसेक कविता झाल्या. बोर्ड पुरेना म्हणून वॉटर कूलरच्या मागची भिंतसुद्धा भरली. 'आमच्या विंगला पंख फुटले' हा विनोद त्या आठवड्यात मी किमान वीस वेळा ऐकला. आता कृपया कोणी करू नये.

उपक्रम झकास होता, हे आधीच सांगून टाकतो. गॅदरिंगच्या कविसंमेलनात दरवर्षी तीच पाच माणसं त्याच झब्ब्यात दिसतात. इथे मात्र ज्यांनी दहावीच्या पेपरानंतर मराठीत चार वाक्यं लिहिली नव्हती त्यांनी लिहिलं. नाव नव्हतं म्हणून हसायची भीती नव्हती. भात घेऊन उभ्या उभ्या कविता वाचणारी पोरं मी पहिल्यांदाच पाहिली. तेव्हा पुढे जे लिहितोय ते आयोजकांवर नाही. ते आपल्यावर आहे, आणि आपल्यात मीही आलो.

दोन-चार सोडल्या तर सगळ्या कवितांत कवी स्वतः इकॅरस होता. मी उडालो, मला बांधू नका, बाबा म्हणाले मधून उड पण मला मधलं आयुष्य नको होतं, पडलो तर पडलो, सूर्य तर पाहिला! सगळ्यात जास्त टिक मिळालेली कविता याच वळणाची. वाईट नव्हती. पण पडणं इतकं छान दिसायला लागलं की माझं जेवणावरून लक्ष उडालं. जो पडला तो हे लिहायला उरला नाही, एवढी साधी गोष्ट तीस जणांच्या ध्यानात आली नाही?

मेकॅनिकलच्या एका महाभागाने कवितेऐवजी हिशेब लावला होता. मधमाशांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि वर जावं तसं तापमान दर किलोमीटरला सुमारे ६.५ अंशांनी उतरतं. म्हणजे पोरगा जितका वर गेला तितकं मेण थंडीने कडक होऊन तडकलं असेल, वितळणं राहिलं दूर. खाली कोणीतरी लाल पेनाने शेरा मारला, 'असाइनमेंट चुकीच्या बोर्डावर'. हसलो सगळे. पण तीस जणांत निदान हा एक तरी पोराला सोडून पंखांकडे बघत होता.

आणखी एका कवितेत इकॅरसच नव्हता, संपाती होता. (अक्षरावरून मुलगी असावी, असा आमच्या टेबलाचा निष्कर्ष. म्हणजे त्याला काही अर्थ नाही.) रामायणातली गोष्ट आहे. संपाती आणि जटायू हे दोघे भाऊ सूर्याकडे झेपावले. जटायू होरपळायला लागला तेव्हा थोरल्या संपातीने आपले पंख त्याच्यावर धरले. जटायू वाचला, संपातीचे पंख जळाले, तो विंध्य पर्वतावर जाऊन पडला. पुढे कित्येक वर्षांनी सीता कुठे आहे हे वानरांना सांगितलं ते या बिनपंखाच्या म्हाताऱ्याने. म्हणजे आपल्याकडच्या गोष्टीत जळलेला माणूस मागे उरतो आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. ही कविता मला फार आवडली. टिक मोजून सहा.

या कवितेमुळेच मी लायब्ररीत गेलो (पीएल नसताना!) आणि ओव्हिड शोधला. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा रोमन कवी. त्याच्या 'मेटामॉर्फोसिस'च्या आठव्या भागात ही गोष्ट आहे. इंग्रजी भाषांतर हातात घेऊन बसलो तर लक्षात आलं की गोष्ट पोराची कमी आणि बापाची जास्त आहे. आणि बाप कोण? डेडॅलस. आपल्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या ग्रीक पुराणातला पहिला इंजिनिअर. मिनोटॉर नावाच्या अर्ध्या बैलाला कोंडायला मायनॉस राजासाठी भूलभुलैया बांधला तो यानेच. तो इतका पक्का झाला की बाहेर पडताना खुद्द डिझायनरला दार सापडेना. आपल्यापैकी ज्यांनी स्वतःच लिहिलेला प्रोग्राम सहा महिन्यांनी उघडून पाहिलाय त्यांना हे पटेल.

पण हा काही संत माणूस नव्हता. ओव्हिड सांगतो, त्याच्याकडे बहिणीने आपला मुलगा शिकायला ठेवला होता. पर्डिक्स. वय १२. पोरगं हुशार. माशाच्या काट्याकडे बघून त्याने करवत बनवली, दोन लोखंडी दांड्या एका टोकाला जोडून वर्तुळ काढायचा कंपास बनवला. मामाला ते सोसवलं नाही. त्याने भाच्याला अथेन्सच्या गडावरून ढकललं आणि पाय घसरून पडला अशी थाप मारली. देवीने पोराला मधल्या मधे झेललं आणि त्याचा तितर पक्षी केला. तितर उंच उडत नाही. ओव्हिड म्हणतो, त्याला ते पडणं आठवतं. पुढे डेडॅलस आपल्या पोराला पुरत असताना हाच तितर जवळच्या चिखलातून बघत होता आणि आनंदाने पंख फडफडवत होता. या तितरावर एकाही पठ्ठ्याने कविता केली नाही. इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये! ज्या कंपासने आपण फर्स्ट इयरची निम्मी रात्र घालवली तो ज्याच्या नावावर आहे, त्याच्यावर!

डेडॅलसवर कविता एकच होती. सहा ओळींची, कूलरच्या मागे. नाव नव्हतं, पण अक्षर सगळ्यांना ओळखू आलं, कारण तेच अक्षर आमच्या जर्नलवर 'रिपीट' लिहायचं. फिटिंग शॉपचे सर. वृत्त नाही, यमक नाही. आशय असा की जोड सुटला की मी पोराला बोलायच्या आधी माझा हात तपासतो, मापं मीच दिली होती. टिक दोन. त्यातली एक माझी.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्यासारख्यांनी लिहायची कविता ही होती. आपण इथे उडायला नाही, पंख बनवायला शिकतोय. उद्या त्यावर दुसरंच कोणीतरी उडणार आहे. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सातजण गेले. कारण होतं रबराची एक रिंग, थंडीने ताठर झालेली. (मेकॅनिकलच्या महाभागाचा हिशेब आठवा.) ती ज्या रॉकेटची होती ते बनवणाऱ्या कंपनीतल्या बॉब एबलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की एवढ्या थंडीत उडवू नका. वरच्यांनी ऐकलं नाही. डेडॅलसनेही सांगितलं होतंच की फार खाली नको, पिसं भिजतील. फार वर नको, मेण जाईल. हे सांगताना त्याचे हात थरथरत होते, गाल ओले होते. दोघांनी बजावलं होतं, आणि दोघांनाही त्या बजावण्याचा काही उपयोग झाला नाही. एबलिंग ३० वर्षं स्वतःला दोष देत राहिला. २०१६ च्या जानेवारीत, ८९ वर्षांचा असताना, तो रेडिओवर हे बोलला. ते ऐकून अनोळखी लोकांनी त्याला पत्रं लिहिली, तुझी चूक नव्हती म्हणून. मार्चमध्ये तो गेला. या माणसावर कविता लिहायला काय हरकत आहे?

आता तिसरी गोष्ट. ही लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

ब्रसेल्सच्या म्युझियममध्ये इकॅरसच्या पडण्याचं एक जुनं चित्र आहे. ब्रॉयगेल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराचं म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण मूळ चित्राची ती नक्कल असावी असं आता बहुतेक जाणकार मानतात. समोर मोठा दिसतो तो शेत नांगरणारा माणूस. मागे मेंढपाळ, पाण्याशी गळ टाकून बसलेला एकजण, एक डौलदार जहाज. इकॅरस कुठाय? उजव्या कोपऱ्यात, पाण्याबाहेर दोन पाय. बस. ओव्हिडच्या गोष्टीत हे तिघे वर बघतात आणि उडणाऱ्यांना देव समजतात. चित्रातला नांगरणारा आपल्या तासावरून नजर काढत नाही. डब्ल्यू. एच. ऑडन या इंग्रज कवीने १९३८ मध्ये ब्रसेल्सला हे चित्र पाहून एक कविता लिहिली, ती गाजली. विल्यम कार्लोस विल्यम्स या अमेरिकन डॉक्टर-कवीनेही याच चित्रावर लिहिलं. म्हणजे मेसच्या बोर्डावरचं हे आव्हान तसं जुनंच आहे.

गेल्या नोव्हेंबरमध्ये परीक्षेच्या ऐन तोंडावर मी आमच्या विंगमधल्या एकाचं दार वाजवलं. मला डेटा बुक हवं होतं. कुलूप होतं. मी पुढच्या रूममधून दुसऱ्याचं आणलं. दुसऱ्या दिवशी कुलूप, तिसऱ्या दिवशी कुलूप. मला वाटलं गेला असेल कुठे मित्राकडे अभ्यासाला. माझं सबमिशन अर्धं राहिलं होतं, मान वर करायला वेळ नव्हता. चौथ्या दिवशी त्याचे वडील सामान न्यायला आले तेव्हा विंगला कळलं की तो कॉलेज सोडून घरी गेलाय. एम-थ्री धरून पाच विषय राहिले होते, आणखी एक वायडी त्याच्याने झाली नसती. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि आम्ही कोणी विचारलंही नव्हतं. भिंतीपलीकडे राहत होतो मी.

काकांचं तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, पाण्याच्या टाकीचे स्टँड. ते रूममध्ये उभे राहिले, गादी गुंडाळली, सुतळी बांधायला घेतली. गाठ बसेना. दिवसभर लोखंड जोडणारा माणूस. शेवटी ती मी बांधली. तेव्हा ते म्हणाले, "त्याला कॉमर्सला जायचं होतं रे. मीच म्हणलं मेकॅनिकल घे, आपल्या धंद्याला बरं पडेल." मी काही बोललो नाही. जाताना डेटा बुक माझ्या हातात दिलं, "ठेव, तुला लागंल."

बोर्डावर 'बाबा, मला बांधू नका' वाचताना मला राहून राहून ती गाठ आठवत होती. तुमचे बाबा चुकत नसतील असं मी म्हणत नाही. काकाही चुकलेच, आणि त्यांना ते कळलं होतं. व्हर्जिलच्या 'इनीड'च्या सहाव्या भागात डेडॅलस पुन्हा भेटतो. पोराला पुरून तो एकटा इटलीत उतरला आणि क्यूमे इथे त्याने अपोलोचं देऊळ बांधलं. देवळाच्या दारांवर सगळी कथा कोरली, भूलभुलैया, मिनोटॉर, सगळं. पोराचं पडणं सोन्यात कोरायला त्याने दोनदा हात घातला आणि दोन्ही वेळा हात खाली पडले. ती जागा तशीच राहिली.

आव्हान पुढच्या वर्षी परत लावा, माझ्या रूमसमोरची भिंत वापरायला द्यायला तयार आहे. फक्त एक अट वाढवा : 'मी इकॅरस' चालणार नाही. पर्डिक्स लिहा. इकॅरसची आई लिहा. नॉक्रेटी तिचं नाव, मायनॉसची दासी, कथेत नावापलीकडे ती कुठेच नाही. नांगरणारा लिहा. तो मी लिहायला बसलो होतो, २० ओळींत मावला नाही, म्हणून हा लेख. आणि फिटिंग शॉपच्या सरांची कविता कूलरच्या मागून काढून पुढे लावा, पाणी लागून शाई फुटत चाललीय.

हा लेख देण्याआधी मी त्याला फोन करून वाचून दाखवला. दुकानात होता, मागे ग्राइंडर चालू होता, त्यामुळे निम्मा दोनदा वाचावा लागला. म्हणाला, छाप, नाव नको टाकू. मग म्हणाला, डेटा बुक नीट ठेव, पानं मुडपू नको, जूनमध्ये फॉर्म भरायचा विचार चाललाय.