पेटीतले नाणे आणि कनवटीची शिवराई

१/
१६ एप्रिल १९२१. रामनवमीचा दिवस. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ मुळशी सत्याग्रहास प्रारंभ झाला. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी उभ्या राहणाऱ्या धरणाखाली सुमारे पन्नास गावे जाणार होती. ‘जान किंवा जमीन’ ही तेथील मावळ्यांची घोषणा होती. याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव दिले.

२/
१९७७ साली टपाल खात्याने सेनापती बापटांचे २५ पैशांचे तिकीट काढले. साध्या पत्राला लावता येईल असेच ते तिकीट होते. ते हाती येण्यासाठी कोणी संग्राहक असण्याची गरज नव्हती. आता कल्पना करावी की मुळशी सत्याग्रहाचे स्मारक नाणे निघाले. आजच्या रीतीने निघाले, तर पौडच्या बाजारपेठेत ते कोणाच्या हाती पडेल? बहुधा कोणाच्याच नाही.

३/
आजची रीत समजण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनप्रसंगी ७५ रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम. धातू ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त. स्वातंत्र्याची ७५ वर्षे म्हणून दर्शनी मूल्य ७५. हे नाणे ७५ रुपयांना मात्र कोणालाही मिळत नाही.

४/
त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एन. टी. रामाराव यांच्या जन्मशताब्दीचे १०० रुपयांचे नाणे आले. त्याचेही वजन ३५ ग्रॅम आणि त्यातही निम्मी चांदी. हैदराबादच्या टांकसाळीतून ते ४,००० रुपयांहून अधिक किमतीस विकले गेले. आता साधा हिशेब करावा. ३५ ग्रॅमच्या निम्मे म्हणजे १७.५ ग्रॅम चांदी. त्या सुमारास चांदीचा भाव किलोला ७५,००० रुपयांच्या आसपास होता. म्हणजे नाण्यातील चांदी सुमारे १,३०० रुपयांची.

५/
उरलेली रक्कम कशाची? साचा, घडणावळ, वेष्टन, कर, वितरण आणि नफा. यांतील कोणताही खर्च खोटा नाही. पण त्याची फोड ग्राहकासमोर येत नाही. संग्राहकांची चीड नेमकी येथे सुरू होते. नाणे महाग आहे एवढीच तक्रार असती, तर ते न घेणे हा सोपा उपाय होता. परंतु विक्रेता येथे सराफ नाही, तर शासनाची टांकसाळ आहे. आणि नाणे पाडण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही. ज्याला स्पर्धकच नाही, त्याच्या किमतीला बाजारभाव कसे म्हणावे?

६/
पूर्वी असे नव्हते. स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाली: एक रुपया आणि ५० पैसे. ती व्यवहारात फिरली. १९९० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दीनिमित्त एक रुपयाचे नाणे आले. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा असलेले दोन रुपयांचे नाणे निघाले. ते कित्येक मुलांना वाण्याच्या दुकानात सुट्या पैशांबरोबर परत मिळाले आणि त्यांनी ते खर्च न करता जपून ठेवले. पुष्कळांच्या नाणेसंग्रहाचा आरंभ असाच झालेला आहे.

७/
याहून जुना दाखला रायगडावरचा. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी स्वतःच्या नावाची नाणी पाडली: सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. सार्वभौमत्वाची ती घोषणाच होती. होन आज अतिदुर्मीळ आहे. सामान्यांच्या काळातही तो सामान्यांचा नव्हता. शिवराई मात्र पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पडत राहिली आणि एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होती.

८/
हा भेद विसरता येणार नाही. राजा छत्रपती झाला, हे मावळातल्या कुणब्याला बखरीने सांगितले नाही. ते त्याच्या कनवटीच्या तांब्याच्या नाण्याने सांगितले. मीठ घेताना, नांगराचा फाळ शेवटून घेताना ती अक्षरे हातोहात फिरली. ज्याला वाचता येत नव्हते, त्यालाही ते नाणे ‘शिवराई’ म्हणूनच ठाऊक होते. स्मारक नाण्याचे काम याहून वेगळे काय असते?

९/
याउलट बाजूचा युक्तिवादही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. २००६ पासून मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील चारही टांकसाळी एका सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहेत. कंपनीने नफा मिळवावा, हौशी ग्राहकाने हौसेचे मोल द्यावे आणि त्याचा भार करदात्यावर पडू नये, हे म्हणणे अवाजवी नाही. चांदीचे सुबक नाणे ७५ रुपयांना विकले, तर दुसऱ्याच दिवशी ते मुशीत जाईल, हेही खरे.

१०/
म्हणून मागणी स्वस्त चांदीची नाही. मागणी अशी की, प्रत्येक प्रसंगाच्या चांदीच्या नाण्याबरोबर साध्या धातूचे, दर्शनी मूल्यालाच मिळणारे चलनी नाणेही निघावे. हे अशक्य नाही. ६ डिसेंबर २०१५ रोजी डॉ. आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीवर्षानिमित्त १२५ रुपयांचे संग्राह्य आणि १० रुपयांचे चलनी अशी दोन नाणी एकत्रच प्रकाशित झाली होती. जून २०२२ मध्ये अमृतमहोत्सवाचे बोधचिन्ह असलेली १, २, ५, १० आणि २० रुपयांची नाणीही आली.

११/
अमेरिकेने १९९९ ते २००८ या दहा वर्षांत ५० राज्यांची ५० नाणी काढली, दरवर्षी पाच. चांदीचे महाग संच हौशी लोकांसाठी होतेच. पण तेच चित्र पाव डॉलरच्या साध्या नाण्यावर दुकानादुकानांत फिरले आणि शाळकरी मुलांनी ते गल्ल्यातून वेचले.

१२/
आणखी दोन गोष्टी सहज करता येतील. विक्री सुरू होण्यापूर्वीच नाणी किती पाडणार हे जाहीर करावे, म्हणजे ‘दुर्मीळ’ हा शब्द दलालांच्या मर्जीवर राहणार नाही. आणि किमतीसोबत धातू, घडणावळ, वेष्टन व कर यांची फोड छापावी. सोनार पावतीवर मजुरी वेगळी लिहितो. टांकसाळीला ते जड जाऊ नये.

१३/
संग्राहकांनीही स्वतःकडे पाहायला हवे. नाणे हाती येताच पुनर्विक्रीचा भाव शोधणारा मनुष्य इतिहासाचा अभ्यासक राहत नाही, तो साठेबाज होतो. नव्याने या छंदात येणाऱ्यांनी चार हजारांच्या पेटीपासून आरंभ करण्याचे कारण नाही. १९९९ चे दोन रुपये, २०१५ चे दहा रुपये, एखादी झिजलेली दुदांडी शिवराई: एवढ्यावरही राज्यसत्ता आणि स्मृती यांचा अभ्यास सुरू होतो. झिजलेले नाणे किती हातांतून गेले, हे ते स्वतःच सांगते.

१४/
पुन्हा मुळशीकडे. तेथील बऱ्याच जमिनींवर पुण्याच्या सावकारांचे हक्क होते. ते भरपाई घेण्यास राजी झाले. जमीन कसणारे मावळे पैशाला नकार देत राहिले आणि अखेर त्यांची गावे पाण्याखाली गेली. पैशासाठी जमीन न सोडणाऱ्या या माणसांचे नाणे उद्या निघालेच, तर ते मखमली पेटीत बंद नसावे. पौडच्या एसटीत वाहकाने सुटे म्हणून ते परत द्यावे, आणि धरणकाठच्या एखाद्या मुलाने ते उलटून पाहत विचारावे, हे कोणाचे?